क्रूझवर स्वतःची दारू, पाणी, सरबत नेता येतं का? बारमधे १६ वर्षं काढलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई, त्यांचे मिस्टर, ९ आणि ४ वर्षांची दोन मुलं आणि पुण्याहून आलेले आई-बाबा असे ६ जण मायामीहून रॉयल कॅरिबियनच्या ७ रात्रींच्या क्रूझला निघालेत, केबिन दोन आहेत, मधे मेक्सिकोतलं कोझुमेल आणि कोकोके (कंपनीचं बहामातलं स्वतःचं बेट) आहे. बाबांना रोज संध्याकाळी जेवणाआधी व्हिस्कीचे दोन पेग लागतात. आई पीत नाहीत पण त्यांना कोकम सरबत आणि सकाळचा आपल्या पद्धतीचा चहा हवा, मुलांना दूध हवं, आणि शिपवरचं पाणी प्यायचं की बाटल्यांचा क्रेट उचलून न्यायचा तेही ठरत नाहीये. त्यात ऑफिसमधल्या मित्राने सांगितलंय की माउथवॉशच्या बाटलीत व्हिस्की भर, थोडा रंग टाक, कोणाला कळत नाही.

ताई, मी मूळचा मालवणकडचा, क्रूझ शिपवर १६ वर्षं काढली. बार युटिलिटी म्हणून चढलो म्हणजे ग्लास धुणं, बर्फ वाहणं, क्रेट उचलणं, मग बार वेटर, बारटेंडर असं करत शेवटची काही वर्षं बार मॅनेजर. त्यामुळे बोर्डिंगच्या दिवशी गँगवेच्या (शिपवर चढायच्या पुलाच्या) आतल्या बाजूला काय चालतं ते मी शेकडो वेळा बघितलंय. सरळ उत्तर असं की तुमच्या क्रूझवर वाईन नेता येते, व्हिस्की नेता येत नाही, कॅन आणि टेट्रापॅक मोजून नेता येतात, आणि जे नेता येतं ते उघडपणे हातात धरून न्यायचं, सूटकेसमधे कपड्यात गुंडाळून नाही. बाकी सगळं त्याचाच विस्तार आहे, पण विस्तारातच लोक अडकतात म्हणून सावकाश लिहितोय.

आधी तो माउथवॉशचा विषय संपवू कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. कृपा करून करू नका. तुमची प्रत्येक बॅग एक्सरेमधून जाते, पोर्टरला दिलेली मोठी सूटकेससुद्धा आणि खांद्यावरची पर्ससुद्धा, आणि त्या स्क्रीनवर द्रवाची बाटली लगेच उठून दिसते. मशीनवर बसलेला माणूस दिवसाला हजारो बॅगा बघतो. माउथवॉश, शाम्पू, खोबरेल तेलाची बाटली, सनस्क्रीनच्या ट्यूबसारखे दिसणारे पाऊच, हे सगळं त्याने इतक्या वेळा बघितलेलं असतं की त्याला बाटलीचं झाकण उघडून वास घ्यायला ५ सेकंद लागतात. क्रूझच्या सिक्युरिटीत बऱ्याच ठिकाणी निवृत्त गोरखा जवान असतात, अतिशय नम्र माणसं, पण कामात एक इंच ढिलाई नाही. पकडलेली दारू टाकून देतात, परत मिळत नाही, आणि प्रकार मोठा असेल तर कंपनीला तुम्हाला शिपवर न घेण्याचाही हक्क असतो, तो तुम्ही तिकिटाच्या करारात मान्य केलेला असतो.

पण बाटली जाण्यापेक्षा वाईट म्हणजे बॅग अडकते. एका सेलिंगला मी बारच्या स्टॉकसाठी खाली गेलो होतो तेव्हा सिक्युरिटीच्या टेबलापाशी एक वयस्कर काका उभे होते, आपल्याकडचे, मराठीच. मुलाने त्यांच्या सूटकेसमधे रमची बाटली टाकलेली आणि त्यांना सांगितलंही नव्हतं. दुपारी १ वाजता चढलेल्या माणसाची सूटकेस रात्री ८ पर्यंत केबिनमधे आली नाही, बीपीच्या गोळ्या त्याच बॅगेत, जेवायला जायचे कपडे त्याच बॅगेत, आणि शेवटी नाव पुकारल्यावर खाली येऊन चार लोकांसमोर बॅग उघडून दाखवायची वेळ आली. त्यांच्या चेहऱ्यावरची शरम मला अजून आठवते. आयुष्यभर सरळ वागलेला माणूस, त्याला सुट्टीच्या पहिल्याच दिवशी चोरासारखं उभं राहावं लागलं. तुमचे बाबा त्या जागी उभे राहिलेले तुम्हाला बघवणार नाही ताई. आणि हो, दारू असो नसो, सगळ्यांच्या गोळ्या, चष्मे, पासपोर्ट आणि एक जोडी कपडे हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण सूटकेस केबिनपर्यंत यायला तसंही संध्याकाळ होते.

आता काय नेता येतं. रॉयल कॅरिबियनचा नियम असा की पिण्याच्या वयाच्या प्रत्येक माणसामागे ७५० मिलीची एक सीलबंद वाईन किंवा शॅम्पेनची बाटली, फक्त बोर्डिंगच्या दिवशी, हातातल्या बॅगेत. अमेरिकेतून सुटणाऱ्या क्रूझवर ते वय २१ आहे (युरोप-आशियातून सुटणाऱ्यांवर १८ धरतात). म्हणजे तुम्ही चौघं मोठे, चार बाटल्या. आई पीत नसल्या तरी त्यांच्या वाट्याची बाटली त्यांच्या हातात असली तर चालते. बिअर नाही, व्हिस्की-रम-व्होडका नाही, खोक्यातली वाईन नाही. बिनदारूचं म्हणजे पाणी, सोडा, कोक, दूध, नारळपाणी वगैरे एका केबिनमागे १२ नग, प्रत्येक नग अर्ध्या लिटरच्या आसपासचा, त्याहून मोठा नाही, हेसुद्धा हातातच. दोन केबिन म्हणजे २४ नग. हे नियम कंपन्या अधूनमधून बदलतात म्हणून निघायच्या आठवड्यात तुमच्या बुकिंगच्या अकाउंटमधे जाऊन एकदा वाचून घ्या, मावशीच्या मुलीने दोन वर्षांपूर्वी काय नेलं होतं त्यावर जाऊ नका.

दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं असतं आणि इथेच लोक गल्लत करतात. कार्निव्हलवर वाईन माणशी एक बाटली, पण पाणी किंवा सोडा बाटलीतून अजिबात चालत नाही, फक्त कॅन आणि कार्टन. हा बदल त्यांनी २०१५ च्या जुलैत केला आणि कारण अगदी साधं होतं, लोक पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून सील परत चिकटवून आणायचे आणि ते तपासत बसायला धक्क्यावर रांगा लागायच्या. कॅन उघडून परत भरता येत नाही ना. नॉर्वेजियनवर उलटं, वाईन कितीही आणा पण प्रत्येक बाटलीमागे कॉर्केज (बाहेरची बाटली आणल्याचा आकार) द्यायचं, केबिनमधे प्यायलात तरी, आणि सोडा २०१७ पासून बंद. डिस्नीवाले माणशी दोन बाटल्या वाईन किंवा सहा कॅन बिअर नेऊ देतात आणि तेही प्रत्येक पोर्टला. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर बाहेरची दारू चालत नाही, ते भारतातल्या वाचकांनी लक्षात ठेवा. म्हणजे 'क्रूझवर चालतं' असं वाक्यच चूक आहे, कोणत्या कंपनीवर आणि कुठून सुटणाऱ्या, ते आधी विचारायचं.

वाईन न्यूअर्कहून विमानात नेऊ नका, मायामीत घ्या. विमानात हातातल्या बॅगेत १०० मिलीच्या वर द्रव चालत नाही म्हणजे ती चेक-इनमधे टाकावी लागणार, मग मायामीत उतरल्यावर बाहेर काढून परत हातातल्या बॅगेत घालायला लोक विसरतात, धक्क्यावर पोर्टर सूटकेस घेऊन जातो आणि बाटली असलेली बॅग अडकते. तुम्ही नियमातच होतात पण बाटली चुकीच्या बॅगेत होती, असं दर सेलिंगला होतं. आदल्या रात्री हॉटेलवर राहणार असाल (राहाच, त्याच दिवशीच्या फ्लाइटवर भरवसा ठेवू नका) तर जवळच्या सुपरमार्केटमधे वाईन आणि नारळपाण्याचे टेट्रापॅक एकदमच घ्या. बाटली स्क्रू कॅपची घ्या म्हणजे केबिनमधे ओपनर शोधायला नको. केबिनमधला छोटा फ्रिज फार थंड करत नाही, पहिल्या दिवशीच स्टेटरूम अटेंडंटला (केबिन आवरणाऱ्याला) प्रेमाने सांगा की रोज संध्याकाळी बर्फाची बादली हवी, तो ठेवतो.

वाईनमधे खरंच पैसे वाचतात, हे मी बार मॅनेजर असून सांगतोय. एका बाटलीत १५० मिलीचे ५ ग्लास होतात. शिपवर बऱ्या वाईनचा ग्लास १३ डॉलर धरला आणि त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी (बिलातच लागणारी टिप), म्हणजे १५ डॉलर ३४ सेंट, पाच ग्लासचे जवळपास ७७ डॉलर. तुम्ही १५ डॉलरची बाटली आणली आणि केबिनच्या बाल्कनीत प्यायलात तर बाकी काही खर्च नाही. डायनिंग रूममधे टेबलावर उघडायची असेल तर १५ डॉलरच्या आसपास कॉर्केज लागतं, तरीसुद्धा स्वस्तच. वेटर ती तुमच्या नावाने ठेवून दुसऱ्या दिवशी उरलेली परत आणून देतो, एका बैठकीत संपवायची घाई नाही.

बाबांच्या व्हिस्कीचं आता. लोक लगेच ड्रिंक पॅकेजकडे धावतात आणि तिथे घरातल्या न पिणाऱ्या माणसाचा बळी जातो, कारण नियम असा आहे की एका केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने दारूचं पॅकेज घेतलं तर त्याच केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांनी घ्यायचं. हा नियम नसता तर एका पॅकेजवर दोघं पिणार हे उघड आहे, पण त्यामुळे तुमच्या आईंच्या नावावरही पॅकेज लागणार. पॅकेजचा भाव सेलिंगप्रमाणे बदलतो, आपण हिशेबापुरता दिवसाला ८० डॉलर धरू, त्यावर १८ टक्के म्हणजे ९४ डॉलर ४० सेंट, ७ दिवसांचे ६६० डॉलर ८० सेंट, आणि आई धरून दोघांचे १३२१ डॉलर ६० सेंट. आणि आता बाबा खरोखर किती पिणार ते बघू. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलीचा, अमेरिकन बारमधला शॉट साधारण दीड औंसाचा म्हणजे ४४ मिली. बाबांचे दोन मोठे पेग म्हणजे १२० मिली, शिपवरचे जवळजवळ तीन शॉट. १२ डॉलरची व्हिस्की आणि ग्रॅच्युइटी मिळून १४ डॉलर १६ सेंट, दिवसाला ३, सात दिवसांत २१, एकूण २९७ डॉलर ३६ सेंट. १३०० कुठे आणि ३०० कुठे. बाबांना सुटं सुटं घेऊ द्या, सीपास कार्डावर (शिपवरचा सगळा खर्च ज्यावर लागतो ते कार्ड) लागेल, आणि ही रक्कम त्यांना आधीच सांगू नका, पुण्याचे वडील आहेत, रुपयात गुणाकार करून पिणंच सोडून देतील आणि सात दिवस उदास बसतील. तुम्ही मनात धरा की हा खर्च सुट्टीचाच भाग आहे.

पहिल्याच संध्याकाळी बाबांना घेऊन एखाद्या शांत बारवर जा, पूल बार नको, तिथे गर्दी आणि गाणी. बारटेंडरला बाबांचं नाव, ब्रँड आणि बर्फ हवा की नको ते सांगा. दुसऱ्या दिवशीपासून तो त्यांना नावाने हाक मारेल आणि मागायच्या आधी ग्लास समोर ठेवेल. हे काही मी कौतुक म्हणून सांगत नाही, आमच्या धंद्यात हेच शिकवतात आणि आम्हालाही त्यातच आनंद असतो, ६-६ महिने घरापासून लांब असताना कोणी काका रोज ७ वाजता येऊन बसतात, कुठलं गाव विचारतात, मालवण म्हटल्यावर त्यांच्या लहानपणीची एक आठवण सांगतात, त्या अर्ध्या तासाची किंमत मला माहितीये. बिलावर ग्रॅच्युइटी आधीच लावलेली असते, खाली जादा टिपची रिकामी ओळ असते ती भरायलाच पाहिजे असं नाही.

आता तुमच्या मनात असेल की हे सगळे नियम कंपनीचा बार चालावा म्हणून आहेत. आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही, तिकीट स्वस्त ठेवून शिपवरच्या खर्चातून कमवायचं असाच हा धंदा आहे आणि बारमधल्या पोरांचा पगारही बराचसा त्या ग्रॅच्युइटीवर उभा असतो. पण दुसरं कारण प्रवाशांना दिसत नाही. बारवर माणूस प्यायला बसतो तेव्हा आमची त्याच्यावर नजर असते, आवाज चढला, डोळे जड झाले, की आम्ही पाणी पुढे करतो, खायला आणतो, आणि वेळ आली तर 'आता बास' म्हणतो, त्याचं आम्हाला ट्रेनिंग असतं आणि ते केलं नाही तर नोकरी जाते. केबिनमधे लिटरची बाटली घेऊन बसलेल्या माणसावर कोणाची नजर नसते. माझ्या एका शिपवर विशी-बाविशीचा एक मुलगा चोरून आणलेली व्होडका पिऊन बाल्कनीच्या रेलिंगवर चढून बसला होता, रात्रीचं शिप चालू, खाली काळं पाणी. शेजारच्या केबिनमधे बेड लावायला आलेल्या अटेंडंटने बघितलं म्हणून तो वाचला. त्या रात्रीनंतर व्हिस्की-व्होडकाची बंदी मला कधी फक्त पैशाची वाटली नाही.

पाण्याचा क्रेट नेऊ नका, अगदी नको. शिपवरचं पाणी चांगलं असतं. समुद्राचं पाणी शिपवरच गोडं करतात, इंजिनाची उष्णता वापरून कमी दाबाखाली उकळून वाफ करतात आणि थंड करतात, किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसने गाळतात, वर त्यात क्लोरीन घालतात, आणि नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत ते किमान ०.२ पीपीएम (दहा लाख भागांत ०.२ भाग) राहिलं पाहिजे असा नियम आहे. अमेरिकेच्या पोर्टला येणाऱ्या मोठ्या शिपांची सीडीसीचे (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेचे) लोक न सांगता तपासणी करतात, १०० पैकी ८६ मिळाले तर पास, आणि त्याचे मार्क कोणालाही बघता येतात. तपासणीचे लोक चढले की आमच्या बर्फाच्या मशीनपासून लिंबू कापायच्या सुरीपर्यंत सगळं उघडून बघायचे, त्यामुळे मी हे ऐकीव सांगत नाहीये. क्लोरीनची किंचित चव लागते, बर्फ घातला की जाते. रिकाम्या स्टीलच्या बाटल्या घ्या, माणशी एक. फक्त बफेतल्या मशीनच्या तोटीला बाटलीचं तोंड लावू नका, ग्लासमधे पाणी घ्या आणि ग्लासातून बाटलीत ओता, नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबाचा विषाणू) असाच पसरतो आणि एकाला झाला की अख्ख्या कुटुंबाची सुट्टी बाथरूममधे जाते. पोर्टला उतरताना त्याच बाटल्या भरून न्या. मग तुमचे २४ नग पाण्यावर वाया न घालवता नारळपाणी, मुलांच्या आवडीचं काही, बाबांना सोडा लागत असेल तर सोड्याचे कॅन, असे वापरता येतील.

मुलांच्या दुधाची काळजी नको, बफेत सकाळी दूध असतं, ते फुकट, नाश्त्याला ज्यूसही असतो. लिंबाचं सरबत, आइस टी, साधा चहा-कॉफी, हेसुद्धा तिकिटातच. कोक-पेप्सी मात्र विकत. तुमचा धाकटा ४ वर्षांचा आहे म्हणून प्रश्न नाही, पण कोणाचं तान्हं बाळ असेल तर फॉर्म्युला आणि त्यासाठीचं पाणी या मोजणीत धरत नाहीत, आणि झोपेचं सीपॅप मशीन वापरणाऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर लागतं त्याचंही तसंच, फक्त कंपनीच्या स्पेशल नीड्स विभागाला आधी कळवून ठेवायचं.

आईंच्या चहाचं बघू, ते मला बाबांच्या व्हिस्कीपेक्षा अवघड वाटतं. केटल नेऊ नका. इलेक्ट्रिक केटल, इस्त्री, कॉइल, हे सगळं आगीच्या भीतीने बंद आहे, काढून घेतात आणि क्रूझ संपल्यावर परत देतात (उदबत्तीही चालत नाही, आई सकाळी लावत असतील तर आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांना वाईट वाटणार नाही). ब्रिटिश कंपन्यांच्या शिपवर केबिनमधे केटल असते, अमेरिकनवर बहुतेक नसते. त्यामुळे सीलबंद पाकिटातला मसाला चहाचा प्रीमिक्स घ्या आणि एक रिकामा छोटा थर्मास घ्या. बफेत उकळत्या पाण्याची मशीन असते, मोठ्या शिपवर कॅफे प्रोमेनाड रात्रीसुद्धा उघडं असतं. बाबा किंवा तुमचे मिस्टर सकाळी ६ ला थर्मास भरून आणतील, आई बाल्कनीत बसून समुद्र बघत चहा पितील. प्रीमिक्स गोड असतो, डायबेटिस असेल तर बिनसाखरेचा बघा, किंवा टी बॅग, आल्याची पूड आणि बफेतलं गरम दूध.

कोकम आगळ घरच्या बाटलीत भरून नेलं तर ते टाकून देतील असंच धरून चाला. सील नसलेली, गडद लाल रंगाची, घरी भरलेली बाटली, तपासणाऱ्याला ती वाईन वाटणार किंवा आणखी काही, आणि घरी बनवलेले पदार्थ तसेही नको म्हणतात. मी एका आजींची आगळाची बाटली टाकून दिलेली बघितलीये, गावाहून आणलेलं, वर्षाचं जपलेलं, मला पोटात तुटलं पण त्या सिक्युरिटीवाल्याकडे दुसरा रस्ता नव्हता. त्यापेक्षा इंडियन स्टोअरमधून सुक्या आमसुलांचं सीलबंद पाकीट घ्या. केबिनमधे ग्लासात ५-६ आमसुलं गरम पाण्यात अर्धा तास भिजवायची, साखर आणि मिठाच्या पुड्या बफेतून, वरून बर्फ. आगळासारखं दाट होत नाही पण जेवणानंतर तोंडाला चव येते. ताकही जमतं, बफेत साधं दही असतं, पाणी घालून चमच्याने घुसळायचं, जिऱ्याची पूड घरून न्यायची. पोर्टला उतरताना मात्र यातलं काही बरोबर घेऊ नका, खायच्या वस्तू किनाऱ्यावर न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी असते.

एक राहिलं, ते विचारलं नाहीत पण पुण्याहून आलेल्या आई-बाबांच्या औषधात असण्याची शक्यता आहे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट असली आसवं-अरिष्टं घेत असतील तर ती आंबवूनच बनतात, त्यात थोडं अल्कोहोल असतंच. मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट, वैद्यांच्या चिठ्ठीबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा आणि विचारलं तर औषध आहे म्हणून स्पष्ट सांगा. दुसऱ्या बाटलीत काढून नेऊ नका.

कोकोकेला शिपचाच बार असतो आणि बिल सीपासवरच लागतं. कोझुमेलला मात्र बाबांना टकीलाची दुकानं दिसणार आणि एखादी बाटली घ्यावीशी वाटणार. घेऊ द्या. गँगवेवर परत चढताना सिक्युरिटीच्या टेबलावर ती बाटली द्यायची, ते चिठ्ठी लावून पावती देतात, आणि क्रूझच्या शेवटी परत मिळते. शिपवरच्या दुकानातून घेतलेल्या बाटलीचंही तेच. अमेरिकेत परत शिरताना २१ वर्षांवरच्या माणसाला १ लिटर ड्यूटीशिवाय आणता येते, तुम्ही चौघं म्हणजे ४ लिटर. आई-बाबा भारतात परत जातील तेव्हा त्यांना माणशी २ लिटरची सूट आहे.

आता शेवटच्या रात्रीचं, इथे हमखास गोंधळ होतो. त्या रात्री मोठ्या सूटकेस केबिनच्या दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीच उचलून नेतात आणि तुम्हाला थेट मायामीच्या टर्मिनलमधे मिळतात. टकीलाची बाटली त्यानंतर किंवा सकाळी हातात आली तर ती हातातच राहणार, आणि दुपारी न्यूअर्कच्या विमानाला हातातल्या बॅगेत ती चालणार नाही, एअरपोर्टवर टाकून द्यावी लागेल. म्हणून एक मध्यम सूटकेस बाहेर ठेवूच नका, ती स्वतः ओढत उतरा, त्यात दोन टॉवेल किंवा जाड कपडे मोकळे ठेवा, बाटली त्यात गुंडाळा आणि ती बॅग एअरपोर्टला चेक-इन करा. एअरलाइनचे बॅगेचे पैसे आधीच भरून ठेवलेत तर काउंटरवर घाई होणार नाही.